कळ, चमक, ठणका

पोटात दुखतंय एवढं म्हणून मराठी माणूस थांबत नाही. कळ येते, मुरडा पडतो, गोळा उठतो, आग पडते, ढवळतं, डचमळतं, तिडीक भरते, नाहीतर नुसतंच जड जड वाटतं. वैद्यकाच्या दृष्टीनं यातल्या प्रत्येकाची वाट वेगळी आहे. मुरडा म्हटलं की आतड्याची चौकशी होते, आग म्हटलं की पित्ताची, थांबून थांबून येणारी कळ असली की आणखी कशाकशाची. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हे सगळं ऐकणारा डॉक्टर मात्र अनेकदा असा असतो, की त्याच्या कानाला या शब्दांतला फरकच जाणवत नाही. मग केसपेपरवर सगळ्यांसाठी एकच 'पोटदुखी' उतरते.

माझी मुलगी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती आणि तिचे मित्र अशा डॉक्टरांसाठी एक ॲप आखताहेत. दुखण्याखुपण्याची रोजच्या बोलण्यातली मराठी त्यांच्या कानाला ओळखीची व्हावी, हा त्याचा हेतू. माझी थोरली बहीण सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाली. तिची नोकरी आधी खानदेशात, मग वऱ्हाडात आणि शेवटी मराठवाड्यात झाली. ॲपची कल्पना ऐकल्यावर तिनं सरळ सांगितलं, की हे करू नकोस. त्यावरून मावशी-भाचीचं जे बोलणं झालं ते इथं लिहून काढलं आहे. मी बहुतेक वेळ ऐकत होते. जिथं राहवलं नाही तिथं मधे बोलले.

लेक : मावशी, हे कुणासाठी आहे ते आधी ऐक. सरकारी मेडिकल कॉलेजांत एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात आणि पदव्युत्तरच्या ५० टक्के. रात्री वॉर्डात उभा असलेला रेसिडेंट राजस्थानचा असेल, केरळचा असेल, बिहारचा असेल. २०१९च्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच स्थानिक भाषा शिकवायची सोय केली होती, पण भाषा आणि संगणक मिळून ४० तास. तेही पहिल्या वर्षाच्या तोंडाशी. पेशंटशी खरी गाठ पडेपर्यंत त्यातलं काय उरणार?

ताई : बाहेरच्या राज्यांतल्या मुलांचंच कशाला घेतेस? पुण्या-मुंबईची, घरी मराठी बोलणारी मुलंसुद्धा माझ्याकडं यायची, 'सिस्टर, उसण म्हणजे काय?' विचारायला. पोटरीत वांब आला म्हणजे काय, उन्हाळे लागलेत म्हणजे काय. लघवीला जळजळ होते हे बाईनं सांगितलंय आणि हा तिला उन्हात फिरू नका म्हणून सांगतोय.

लेक : म्हणूनच तर! शब्द नीट निवडायचे, रोज दहा मिनिटं सराव, आणि शब्द विसरायच्या बेतात आला की तोच पुन्हा समोर आणायचा. हे माझ्या मनचं नाही. हेरमान एबिंगहाउसनं १८८५मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं पहिल्या दिवसातच बरंचसं गळून जातं आणि मग गळती मंदावते. सेबास्टियन लाइटनरनं १९७२मध्ये कार्डांचे खोके सुचवले, येणारी कार्डं मागच्या खोक्यात, न येणारी पुढच्या. १९८७मध्ये प्योत्र वोझ्नियाकनं त्याचं गणित संगणकावर आणलं. मेडिकलची मुलं आज जे अँकी वापरतात, ते त्यातूनच आलंय. ती मुलं अख्खी फार्माकॉलॉजी अशीच पाठ करतात. त्यांना नव्यानं काही शिकवायला नको.

ताई : त्या एबिंगहाउसनं पाठ काय केलं होतं?

लेक : अर्थ नसलेली अक्षरं. आधीच्या ओळखीचा फायदा मिळू नये म्हणून मुद्दाम तशी रचली होती.

ताई : मग झालं तर. अर्थ नसलेलं होतं म्हणून गळलं. माझ्याकडं आलेल्या एका पोरानं 'ठणका' हा शब्द एकदाच ऐकला. हाताला गळू झालेला माणूस रात्रभर हात वर धरून बसला होता. 'ठणका लागलाय साहेब' म्हणाला. त्या पोराला तो शब्द जन्मात पुन्हा कुणी विचारायची गरज नाही. माणूस दिसला, हात दिसला, शब्द बसला. तुझ्या कार्डावर माणूस कुठाय?

लेक : पण मावशी, तो माणूस प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. एकाला गळवाचा पेशंट भेटला, दुसऱ्याला भेटलाच नाही. आणि तू प्रत्येक वॉर्डात नव्हतीस. आता तर कुठल्याच वॉर्डात नाहीस. दर वर्षी नवी तुकडी येते आणि पहिल्यापासून सुरुवात. तुझ्याकडचं सगळं तुझ्याबरोबर घरी आलं, तिथं काय राहिलं?

ताई काही वेळ बोलली नाही. मला लेकीचा हा मुद्दा बिनतोड वाटला आणि अजूनही वाटतो. आपल्याकडं जाणत्या परिचारिकेचं ज्ञान कुठंही लिहिलं जात नाही. निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल आणि भाषण होतं. तीस-पस्तीस वर्षांत तिच्या कानांनी गोळा केलेली मराठी कुणी मागून घेत नाही.

ताई : बरं, तुझी यादी दाखव.

लेक : सगळ्यात जास्त वापरले जाणारे शब्द आधी. पोट, डोकं, छाती, ताप, अंग…

ताई : 'अंग' पुढं काय लिहिलंयस?

लेक : शरीर.

ताई : मग आता लिहून घे. अंग मोडून आलंय म्हणजे ताप येऊ घातलाय. अंगात कसर आहे म्हणजे बारीक ताप रेंगाळतोय. बाळानं अंग धरलं नाही म्हणजे त्याचं वजन वाढत नाही. बाळ अंगावर पितं म्हणजे आईचं दूध पितं. दुखणं अंगावर काढलं म्हणजे औषधपाणी न करता सोसलं. अंग बाहेर येतं म्हणजे गर्भाशय खाली उतरलंय, आणि हे सांगताना बाई खालमानेनं, एकदाच सांगते. अंगात येतं म्हणजे देवी येते, त्याची चौकशी वेगळी. अंगावरून जातं म्हणजे पांढरं जातं किंवा लाल जातं. आणि अंगावरून वारं गेलं म्हणजे अर्धांगाचा झटका. आता तुझं 'शरीर' यातल्या कुठल्या वाक्यात बसवतेस?

लेक : एकाही नाही.

ताई : याची गोष्ट सांगते. ओपीडीला मरणाची गर्दी. एक मुलगा खिडकीशी आला, आई बाहेर बाकावर. म्हणाला, 'आईच्या अंगावरून वारं गेलंया.' तिथं बसलेला इंटर्न मराठी शिकायची धडपड करणारा होता, चांगला होता. वहीत शब्द लिहून ठेवायचा. त्याच्या वहीत 'अंगावरून जाणं' होतं आणि त्याच्यापुढं पांढरं जाणं. त्यानं स्त्रीरोग ओपीडीचा कागद हातात दिला. मायलेक त्या रांगेत जाऊन बसले. मी सहज तिथून जात होते म्हणून त्या बाईचं वाकडं झालेलं तोंड मला दिसलं. मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यातला किती वेळ त्या बाकावर गेला, विचार कर. ज्या पोराला काहीच कळत नाही, तो 'सिस्टर, जरा या' म्हणून हाक मारतो. ज्याला अर्धं कळतं तो हाक मारत नाही. तुझं ॲप मला अशी अर्धं कळणारी पोरं तयार करील, म्हणून मी नको म्हणते.

मी : हे दाते-कर्व्यांना कळलेलं होतं. त्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला, आणि एवढं करूनही त्यांना वाक्संप्रदायांसाठी आणखी एक कोश करावासा वाटला. मराठीत शब्दापेक्षा जोडणीत जास्त अर्थ असतो. तुझं ॲप शब्दापासून सुरू झालं तिथंच घोटाळा झाला.

लेक : मान्य. म्हणजे कार्ड सुट्या शब्दाचं ठेवायचंच नाही. पूर्ण वाक्य, तेही माणसाच्या आवाजात. आणि ज्या दोन वाक्यांची गल्लत होऊ शकते ती कायम जोडीनं आणायची. 'अंगावरून पांढरं जातं' आलं की लागलीच 'अंगावरून वारं गेलं'. दोन्ही ओळखल्याशिवाय पुढं जायचं नाही. शिवाय काही वाक्यांना लाल खूण. ती कानावर पडली की बाकी सगळं सोडून उठायचं.

ताई : त्यात 'छातीत भरून आलंय, दरदरून घाम सुटलाय' घाल. 'आकडी आली' घाल. 'पोटात फिरेना झालंय' घाल. गरोदर बाई बाळाबद्दल सांगत असते, आणि नवशिक्याला वाटतं गॅस झालाय.

यानंतर काही वेळ दोघी उच्चार आणि व्याकरणात शिरल्या. लेकीचं म्हणणं होतं, की 'घसा' शिकवून 'घशाला' कळत नाही आणि 'कंबर' शिकवून 'कमरेत' कळत नाही, म्हणून सामान्यरूपं यंत्राला आधी ओळखता यायला हवीत. 'चमक'मधला च आणि 'चार'मधला च लिहिताना एकच, बोलताना दोन, म्हणून लिखित कार्डावर भिस्त ठेवून चालणार नाही. ताईनं जिल्ह्याजिल्ह्याचा फरक सांगितला. पुण्याकडं पोट 'दुखतंय', अमरावतीकडं 'दुखून राह्यलं', धुळ्याकडच्या अहिराणीत 'दुखस', आणि खाली मालवणात पोटात 'दुखता'. हिंदी मुलखातून आलेल्या मुलाला वऱ्हाडी लवकर उमगते, कारण 'दुखून राह्यलं'मध्ये त्याला त्याचं 'दुख रहा है' ऐकू येतं. अहिराणीत तो बुडतो. दाते-कर्व्यांनी शब्दांपुढं कंसात प्रांतांच्या खुणा दिल्या होत्या, तशा प्रत्येक वाक्यापुढं देऊ, असं लेक म्हणाली. या भागावर दोघींचं भांडण नव्हतं.

ताई : आता वेळेचं काय करणार आहेस? 'कधीपासून' हा डॉक्टरचा दुसरा प्रश्न असतो. त्याला तारीख हवी असते आणि पेशंट तारीख सांगत नाही.

लेक : काल, परवा, आठवडा, महिना हे शब्द घेतलेत.

ताई : परवा म्हणजे होऊन गेलेला की यायचा? मराठी माणसाला क्रियापदावरून कळतं, नवख्याला कळत नाही. ते एक. पण खेड्यातली बाई 'परवा' तरी कुठं म्हणते? खोकला मिरगापासून आहे. ताप पोळ्याला आला. गुडघा आखाजीला धरला. कापूस वेचणीत पाठ गेली. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासायची, क्षयाचा कार्यक्रम हेच सांगतो. आता पोळ्याला दोन आठवडे झाले की नाहीत हे केरळहून आलेल्या डॉक्टर मुलीला कसं कळायचं? गरोदर बाईला शेवटची पाळी विचारली तर ती म्हणते, 'संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं.' त्यावरून दिवस मोजायचे, त्यावरून बाळंतपणाची तारीख काढायची. चुकलात तर बाळाचं वय चुकलं.

लेक : थांब मावशी, यात आणखी एक आहे. आपले महिने अमावास्येला संपतात आणि उत्तरेत पौर्णिमेला. आपला पोळा श्रावणी अमावास्येला. बिहारी डॉक्टरच्या पंचांगात ती अमावास्या भाद्रपदात पडते. आपल्याकडच्या पेशंटनं 'श्रावण सरता सरता' म्हटलं की त्याच्या डोक्यात पंधरा दिवस आधीची तारीख येते. दोघंही 'श्रावण'च म्हणतायत आणि दोघांनाही वाटतंय की समजलं.

ताई : हे मला माहीत नव्हतं.

लेक : हे यंत्राला अगदी सोपं आहे. सण, नक्षत्रं, शेतीची कामं, त्या त्या भागातली नावं, आणि आज ज्या दिवशी विचारतोय तिथपासून किती दिवस झाले. 'पोळा' असं बोलायचं, फोन सांगेल इतके आठवडे. कितीही जाणती परिचारिका असली तरी रात्री दोन वाजता हे मनातल्या मनात मोजणार नाही.

ताई : हे कर. हे एवढं एकटं केलंस तरी मी मानेन.

इथं ताईचा सूर बदलला, पण हरकत संपली नव्हती. तिच्या मनातली खरी हरकत पुढं आली, आणि मला वाटतं या सगळ्या बोलण्याचा गाभा तोच आहे.

ताई : तू कान तयार करायला निघालीस. पण जे बोललंच जात नाही त्याचं काय? राणी बंगांनी गडचिरोलीत दोन गावांतल्या बायका तपासल्या होत्या ना?

लेक : हो, १९८९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला अभ्यास. साडेसहाशे बायका. तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के आणि प्रत्यक्ष तपासल्यावर काही ना काही स्त्रीरोग असलेल्या ९२ टक्के. त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के.

ताई : मधल्या बायकांना आपल्याला दुखणं आहे असं वाटलंच नव्हतं, किंवा वाटलं तरी सांगायची सोय नव्हती. बाई ओपीडीत येते ती 'डोकं दुखतं' म्हणून. खरं दुखणं दारातून बाहेर पडताना सांगते, किंवा सांगतच नाही. 'अडचण' म्हणते, 'बाहेरची आहे' म्हणते, 'तसं काही नाही' म्हणते. शेजारी सासू उभी असेल तर एवढंही म्हणत नाही. अशा वेळी डॉक्टरला हजार शब्द येत असले तरी काय उपयोग?

लेक : मग तू काय करायचीस?

ताई : सासूला म्हणायचे, 'आजी, जरा खिडकीवरून केसपेपरवर शिक्का मारून आणता का?' आजी गेल्या की पडदा ओढायचा आणि स्टुलावर बसायचं. उभं राहून विचारलं तर बाई बोलत नाही. मग विचारायचं, 'आणखी काही होतं का गं ताई?' एवढंच.

लेक : हे वाक्य मी घेतेय.

ताई : कुठलं?

लेक : शिक्क्याचं. आणि 'आणखी काही होतं का' हेही. मावशी, मी आत्तापर्यंत फक्त ऐकायची वाक्यं गोळा करत होते. विचारायची वाक्यं एकही नाही.

ताई : विचारायची वाक्यं फार नसतात गं, पण ती नीट यावी लागतात. 'दाखवा बरं नेमकं कुठं.' 'म्हणजे कसं होतं?' 'चमक निघते की सारखं दुखतं?' 'याला तुमच्याकडं काय म्हणतात?' हे शेवटचं फार कामाचं. माणूस खुलतो. त्याला वाटतं, साहेबाला माझ्याकडून काहीतरी हवंय. आणि म्हाताऱ्या माणसाला 'तू' म्हणायचं नाही. हिंदीत 'तुम' चालतं म्हणून ही मुलं मराठीत 'तू'वर येतात आणि सत्तर वर्षांचा माणूस गप्प होतो. आधी आजोबा म्हणा, मामा म्हणा, मावशी म्हणा, मग दुखणं विचारा. 'आपण' नको, तेही परकं वाटतं. 'तुम्ही' पुरे.

मी : औषधाचं सांगणंही त्यातच घ्या. 'दिवसाआड' म्हणजे एक दिवस सोडून एक. 'अनाशापोटी' म्हणजे काही न खाता. डॉक्टर नीट म्हणेल, पण घरी गेल्यावर ते कसं पाळलं जाईल, हे पेशंटकडून पुन्हा वदवून घ्यायला हवं.

लेक : तेही घेते. पण मावशीच्या त्या इंटर्नवरून एक आठवलं. रिचर्ड श्मिट नावाचा अमेरिकी भाषाअभ्यासक होता. तो काही महिने रिओ दि जानेरोला राहिला आणि पोर्तुगीज शिकताना डायरी ठेवत गेला. सिल्विया फ्रोटाबरोबर त्यानं ते १९८६मध्ये मांडलं. त्याला दिसलं ते असं, की एखादं रूप वर्गात शिकवलं म्हणून तो ते बोलू लागला असं होत नव्हतं. लोकांच्या बोलण्यात ते त्याच्या लक्षात आलं, की मग तोंडात यायचं. त्याआधी कितीतरी वेळा ते कानावरून गेलेलं असे. पुढं त्यानं हाच सिद्धांत केला, की लक्षात आल्याशिवाय शिकणं होत नाही. मावशी, तुझा इंटर्न 'वारं' ऐकत होता, पण त्याच्या ते लक्षात आलं नाही. कारण वहीतल्या अर्थानं त्याचं समाधान झालं होतं.

ताई : समाधान झालं, हाच घोळ. ते व्हायला नको होतं.

लेक : मग ॲपमध्येच ते होऊ द्यायचं नाही. आवाज ऐकला की तीन उत्तरं समोर असतात. मी चौथं ठेवते : 'पुन्हा विचारेन'. काही वाक्यं मुद्दाम अर्धवट, काही दोन अर्थांची. 'पोटात आहे' एवढंच ऐकू आलं, तर बरोबर उत्तर चौथंच. घाईनं अर्थ निवडला की चूक. आणि 'पुन्हा विचारेन' दाबलं की पुढं विचारायचं वाक्य मोठ्यानं म्हणायचं.

ताई : याला गुण किती?

लेक : अर्थ ओळखण्याइतकेच.

ताई : जास्त ठेव.

ताईचं हे म्हणणं मला पटलं. भाषा शिकवणाऱ्या बहुतेक ॲपमध्ये बरोबर उत्तराला शाबासकी असते. डुओलिंगोमध्ये सलग किती दिवस सराव केला याची साखळी दिसते आणि ती तुटू नये म्हणून माणूस रोज येतो. सवय लावायला ते उपयोगी आहे, यात शंका नाही. पण रुग्णालयात शिकायची भाषा ही समोरच्या माणसाच्या भरवशावर चालते. जिथं शिकणाऱ्याला आपण किती जाणतो हे दिसत राहतं आणि काय निसटलं हे दिसत नाही, तिथं तो पेशंटकडं बघायचं थांबवतो. लेकीनं साखळी काढून टाकायचं ठरवलं. तिच्या मित्रांना ते मान्य नव्हतं, कारण साखळीशिवाय लोक परत येत नाहीत, हा त्यांचा अनुभव. त्यावर तिनं तोडगा काढला, की आठवड्याला एकदा इंटर्ननं प्रत्यक्ष वॉर्डात ऐकलेलं एक न कळलेलं वाक्य, पेशंटचं नाव-गाव वगळून, टाइप करायचं. ते वाक्य त्या भागातल्या जाणकाराकडं जाईल आणि उत्तर येईल. परत येण्याचं कारण तेच.

ताई : जाणकार कोण?

लेक : तेच ठरत नाहीये. वाक्यांसाठी आधी वाटलं होतं, वॉर्डात पेशंट बोलतात तेच रेकॉर्ड करावं. खरा आवाज, खरी बोली. मग यंत्र आपोआप लिहून काढेल.

ताई : हे मी होऊ देणार नाही. कळा देणाऱ्या बाईपुढं फोन धरून तिची परवानगी मागणार? ती 'हो'च म्हणेल. वॉर्डात सगळे सगळ्याला 'हो' म्हणतात. त्याला परवानगी म्हणत नाहीत.

लेक : कायदाही आहे, २०२३चा, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा. सही घेतली तर…

ताई : सहीचं सांगू नकोस. शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा कसा घेतला जातो ते मी बघितलंय.

लेक : बरं. पेशंटचा आवाज घ्यायचाच नाही. तसंही वॉर्डात चार जणं एकदम बोलतात, पंखा खडखडतो, म्हाताऱ्यांना दात नसतात. यंत्र चुकीचंच लिहील.

ताई : गावोगावच्या आशा सेविकांना विचार. बाळंतपणाला बाईला घेऊन येतात, रात्र रात्र बसतात. गावातल्या बायका त्यांच्याशी जे बोलतात ते डॉक्टरशी कधीच बोलत नाहीत. वॉर्डातल्या मावशींना विचार, वॉर्डबॉय मामांना विचार. पेशंटला स्ट्रेचरवरून नेताना माणूस जे बोलतो ते फक्त त्यांनी ऐकलेलं असतं. त्यांना म्हण, 'तुमच्या गावात छातीत दुखलं तर काय म्हणतात ते चार तऱ्हांनी सांगा.' त्यांच्याच आवाजात घे. कुणा पेशंटची गोष्ट नको, नुसतं बोलणं.

लेक : आणि तू?

ताई : मी बसेन त्यांच्याबरोबर. माझी मराठी आता तिन्हीकडची मिसळलेली आहे, तेव्हा आवाज माझा नको. पण कुठली दोन वाक्यं शेजारी ठेवायची ते मला कळेल. त्यांना पैसे किती देणार आहेस?

लेक : ते अजून ठरलेलं नाही. मित्र म्हणतात, प्रत्येक वाक्याला इतके असं ठेवावं, म्हणजे हिशेब सोपा.

ताई : वाक्यावर ठेवू नकोस. वाक्यावर ठेवलंस तर बायका घाईनं रचून सांगतील, कारण त्यांना पैशांची गरज आहे. तासावर दे. आठवायला वेळ लागतो. एखादी बाई अर्धा तास काही बोलणार नाही आणि मग एकदम तिच्या आजीच्या तोंडचं सांगेल. त्या अर्ध्या तासाचेही द्यायचे.

लेक : आम्ही निधीसाठी जो अर्ज लिहितोय त्यात हा खर्चच धरलेला नाही. सर्व्हर आहे, डिझाइन आहे, चाचणी आहे.

ताई : मग तो अर्ज पुन्हा लिही. हा खर्च पहिल्या ओळीत घाल, आणि तो मिळेपर्यंत कुणाचाही आवाज घेऊ नकोस.

लेक : आणि तोवर?

ताई : तोवर सणांचं ते मोजायचं यंत्र कर. त्याला कुणाचा आवाज लागत नाही. खानदेशापासून धर. आखाजी, कानबाई, पोळा. मी सांगते, तू लिही.